एका रात्रीचा कागद

भिंतीवर लागणाऱ्या कागदाइतके अल्पायुषी असे छापील दुसरे काही नसेल. पंचांगाला वर्ष मिळते, वर्तमानपत्राला निदान पुडी बांधण्याचा दुसरा जन्म तरी मिळतो. पण गावात जलसा होणार, नाटक मंडळीचा मुक्काम पडणार, म्हणून जो कागद खळ लावून भिंतीवर चढतो त्याचे मरण त्याच्याच अंगावर छापलेले असते. तारीख उलटली की त्याचे काम संपले. मग त्याच्यावर दुसरा कागद बसतो, पाऊस त्याचे कोपरे सोडवतो आणि खळीच्या वासाने आलेली एखादी शेळी उरलेले कार्य सिद्धीस नेते.

असे असूनही २०२२ साली अमेरिकेत एका लिलावात अशाच एका कागदाला ४,४७,००० डॉलर मोल आले. गाण्याच्या जाहिरातीला मिळालेल्या किमतीचा तो त्या वेळचा उच्चांक होता. त्याच वर्षी बीटल्स मंडळींच्या १९६६ सालच्या न्यूयॉर्कमधील जलशाचे पोस्टर २,७५,००० डॉलरांना गेले. ज्या कागदाला काल कोणी हात लावला नसता, तो आज तिजोरीत! हे कसे झाले, हा प्रश्न कोणाही संसारी माणसाला पडावा असाच आहे.

मला तो पडला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. हा मुलगा नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात असतो. शाळेत असताना तो पेटी बरी वाजवीत असे. आता तिकडचे संगीत ऐकतो आणि जलशाहून परतताना तिथे विकावयास ठेवलेली पोस्टरे पाहून त्याचा जीव खालीवर होतो. त्याने मला पत्र लिहिले, “सर, दोनशेच प्रती काढल्या आहेत, आज घेतले नाही तर पुन्हा मिळावयाचे नाही, असे विक्रेता सांगतो. पोस्टर देखणे आहे, पण किंमत माझ्या चार दिवसांच्या जेवणाइतकी. हा नाद धरावा की नाही?” आता चित्रांच्या बाजारात माझी गती ती काय असणार? पण मास्तराच्या जातीला एक खोड असते. कोणी वाट विचारली की तो आधी त्या रस्त्याचा इतिहास सांगू लागतो. मी त्या मुलासाठी जे वाचले आणि जुळवले तेच येथे मांडीत आहे.

या छंदाचे जन्मगाव पॅरिस. त्याला दोन गोष्टी कारण झाल्या : एक दगड आणि एक कायदा.

दगड म्हणजे शिळाछापाचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर नावाच्या माणसाने शोधून काढले की, विशिष्ट चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढले आणि दगड पाण्याने भिजवला, तर शाई फक्त तेलकट रेषांना धरते आणि ओल्या जागी बसत नाही. मग त्यावर कागद दाबावा की चित्र उमटले. आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले, ते याच युक्तीने. पुढे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून रंगीत चित्रे निघू लागली. ज्यांच्या देवघरात राजा रविवर्म्याची लक्ष्मी किंवा सरस्वती अजून आहे, त्यांनी ती काच पुसताना नीट पाहावी. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, म्हणजे पॅरिसच्या भिंती ज्या वर्षांत रंगीत झाल्या त्याच वर्षांत आणि त्याच विद्येने आपल्या भिंतीही रंगीत झाल्या. फरक इतकाच की आपल्याकडे त्या कागदाला पहिल्या दिवसापासून फुले वाहिली गेली, आणि तिकडे तो पावसात उभा राहिला.

कायदा म्हणजे फ्रान्सचा २९ जुलै १८८१ चा. वृत्तपत्रांना मोकळीक देणाऱ्या या कायद्याने जाहिराती लावण्यावरचीही बंधने सैल झाली. जेथे मनाई असेल तेथेही त्याच कायद्याची तारीख लिहून मनाई करावी लागते. पॅरिसच्या जुन्या भिंतींवर ती अक्षरे अद्याप दिसतात. बाकीच्या भिंती मात्र मोकळ्या झाल्या.

या मोकळ्या भिंतींवर राज्य केले ते प्रथम झ्यूल शेरे याने. हा एका गरीब खिळे जुळाऱ्याचा मुलगा, तेराव्या वर्षी छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. लंडनला जाऊन रंगीत छपाई शिकला आणि १८६६ च्या सुमारास पॅरिसला परतून त्याने स्वतःचा छापखाना थाटला. त्या काळी तेथे काफे-कॉन्सेर नावाचा एक प्रकार फार बहरात होता. गिऱ्हाइकाने पेला घेऊन टेबलाशी बसावे आणि समोर गाणे, नकला, नाच चालावा, असा तो मामला. अशा जागा पुष्कळ, म्हणून चढाओढ पुष्कळ, म्हणून जाहिराती पुष्कळ. शेरेने हजाराच्या वर जाहिराती काढल्या. त्याच्या पिवळ्या-तांबड्या रंगांतल्या हसऱ्या, वाऱ्यावर उडणाऱ्या बायकांनी करडे पॅरिस उजळून निघाले, आणि १८९० साली सरकारने जाहिरातीच्या या चित्रकाराला ‘लेजन ऑफ ऑनर’चा मान दिला.

दुसऱ्याच वर्षी, १८९१ मध्ये, आँरी द तुलूझ-लोत्रेक या ठेंगण्या, पायांनी अधू, उमराव घराण्यातल्या तरुणाने ‘मूलँ रूझ’ या नृत्यगृहासाठी पहिली जाहिरात काढली. ला गूलू या टोपणनावाची नर्तकी मध्यभागी, पुढे एका लांबनाक्या पुरुषाची करडी छाया, मागे प्रेक्षकांचा काळा पडदा. कागद इतका मोठा की तीन तुकड्यांत छापून भिंतीवर जोडावा लागे. आज त्याच्या ज्या प्रती उरल्या आहेत त्यांतील कित्येकींचा वरचा तुकडा हरवलेला आहे, तो यामुळेच. सुमारे तीन हजार प्रती निघाल्या असे मानतात. पुढच्या वर्षी आरिस्तिद ब्रुआँ या गायकाची जाहिरात त्याने केली : काळा अंगरखा, तांबडा गळपट्टा, रुंद काठाची टोपी, बस्स. असे सांगतात की ज्या काफेत गाणे होते त्याच्या चालकाला ते चित्र मुळीच रुचले नाही. तेव्हा ब्रुआँने बजावले की हे चित्र लागले नाही तर मी गाणार नाही. चित्र लागले. आज त्या चालकाचे नाव पुस्तकांच्या तळटीपांत सापडते, आणि ब्रुआँचा गळपट्टा जगभर ओळखला जातो.

लोक ही चित्रे पाहण्यावर थांबेनात. ओक्ताव्ह युझान या लेखकाने १८९१ साली या वेडाला नावच दिले, ‘अफिशोमानी’, म्हणजे जाहिरातींचे खूळ. हौशी माणसे रात्री ओला स्पंज घेऊन निघत आणि खळ सुकण्यापूर्वी कागद हलक्या हाताने सोडवून नेत. काही जण त्याहून शहाणे. ते चिकटवणाऱ्या माणसालाच चार नाणी देत, म्हणजे कागद भिंतीला लागण्यापूर्वीच घरी येई. एदमों सागो या व्यापाऱ्याने त्याच वर्षी विक्रीच्या जाहिरातींची यादी छापली; तीत दोन हजारांवर नोंदी होत्या. जी वस्तू फुकट लावली जात होती तिला दुकान मिळाले.

आता येथे थोडे थांबावयास हवे. हे स्पंजवाले चोर होते यात शंका नाही. पैसे देऊन छापलेली, मुद्रांक लावून भिंतीवर चढवलेली दुसऱ्याची वस्तू ते पळवीत होते. पण हे चोर झाले नसते तर लोत्रेकच्या त्या चित्रांपैकी किती आपल्यापर्यंत येती? भिंतीवरची प्रामाणिक प्रत पावसाने नेली. चोरलेली प्रत संग्रहालयात आहे. मुलांना नीती शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगताना अंमळ अडखळल्यासारखे होते, पण इतिहास नीतिपाठासारखा चालत नाही त्याला काय करावे? ला गूलूचे स्वतःचे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. तिचे वैभव ओसरले, आणि उतारवयात ती मूलँ रूझच्याच आसपास शेंगदाणे, सिगारेटी आणि काड्यापेट्या विकीत असे. १९२९ साली ती वारली. तिच्या जाहिरातीचा कागद तिच्याहून अधिक सांभाळला गेला.

दुकान आले की दुकानासाठी माल तयार होऊ लागतो. छापणारे काही प्रती चांगल्या कागदावर, अक्षरे बसवण्यापूर्वीच, केवळ संग्राहकांसाठी काढू लागले. १८९५ च्या डिसेंबरात शेरेच्या पुढाकाराने ‘ले मेत्र द लाफिश’ ही मासिक माला सुरू झाली. दरमहा वर्गणीदाराच्या घरी चार नामांकित जाहिराती, लहान आकारात पुन्हा छापलेल्या आणि कोपऱ्यात छापखान्याचा उठावाचा शिक्का असलेल्या, येऊन पडत. १९०० च्या नोव्हेंबरात माला थांबली तोवर अशी २५६ चित्रे निघाली होती. ज्या कागदाचा जन्म भिंतीसाठी होता, तो आता भिंत न पाहताच थेट दिवाणखान्यात जाऊ लागला. माझ्या विद्यार्थ्याला सतावणारी ‘दोनशेच प्रतीं’ची गोष्ट तेथे सुरू होते.

मात्र गाण्याच्या जाहिरातीचे खरे दुसरे पर्व उजाडावयास आणखी सत्तर वर्षे जावी लागली, आणि ते उजाडले अटलांटिकच्या पलीकडे, सॅन फ्रान्सिस्को शहरात. १९६६ साल. केस वाढवलेली, घर सोडून आलेली तरुण मुले त्या शहरात गोळा होत होती. त्यांचे नवे संगीत दोन जागी विशेष चाले. फिलमोर सभागृह बिल ग्रॅहम चालवी. हा बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू, नाझींच्या तावडीतून लहानपणी सुटून अमेरिकेत पोचलेला, व्यवहारात अतिशय कडक. अॅव्हलॉन बॉलरूममध्ये ‘फॅमिली डॉग’ या मंडळीचे जलसे होत. तेथला सूत्रधार चेट हेल्म्स, स्वभावाने ग्रॅहमच्या अगदी उलट. दर आठवड्याला नवा जलसा, दर जलशाला नवे पोस्टर.

ती पोस्टरे वाचता येत नसत, हीच त्यांची कीर्ती. वेस विल्सनने व्हिएन्नातील आल्फ्रेड रोलर या चित्रकाराची शतकाच्या आरंभीची ठोकळेबाज अक्षरे पाहिली आणि ती वितळवून टाकली; त्याच्या १९६६ च्या एका पोस्टरवर तर हिरव्या पाठीवर तांबड्या अक्षरांच्या ज्वाळाच उठल्या आहेत. व्हिक्टर मोस्कोसो हा येल विद्यापीठात योझेफ आल्बर्स या रंगशास्त्रातल्या मोठ्या गुरूच्या हाताखाली शिकलेला. शाळेत शिकवले होते की अक्षर स्वच्छ असावे आणि डोळ्यांना त्रास देणारे रंग शेजारी ठेवू नयेत. त्याने प्रत्येक नियम उलटा केला. सारख्याच तेजाचे विरोधी रंग त्याने एकमेकांना भिडवले, त्यामुळे कडा थरथरू लागतात आणि माणूस थबकतो. काय लिहिले आहे ते लावीत पाच मिनिटे उभा राहतो. नियम तोडणाऱ्याला आधी नियम पक्का येत असावा लागतो, हे वर्गात सांगावयाला यापेक्षा चांगले उदाहरण मला मिळालेले नाही.

स्टॅन्ली माउस आणि आल्टन केली या जोडीने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदासाठी गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा छापला. हे चित्र त्यांनी शहराच्या वाचनालयात सापडलेल्या एका जुन्या पुस्तकातून उचलले : एडमंड सलिव्हन याने उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेली चित्रे त्यात होती. ज्या खय्यामला माधव जूलियनांनी मराठीत आणले, तोच खय्याम असा सांगाड्याच्या रूपाने कॅलिफोर्नियाच्या भिंतीवर गेला. क्षणभंगुर जीवनाचे गाणे गाणाऱ्या कवीचे चित्र क्षणभंगुर कागदावर यावे, यात एक औचित्यही आहे. आणि १९६७ च्या जूनमध्ये, जवळच्याच माँटेरे गावी झालेल्या महोत्सवाचे पोस्टर चकचकीत वर्खाच्या कागदावर निघाले. त्या महोत्सवात एका रविवारची दुपार पंडित रविशंकरांची होती, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ होते. मुंबईच्या बैठकींत घुमणारा तो हात तेथल्या मोकळ्या मैदानात हजारोंनी ऐकला.

ग्रॅहम सांगत असे की तो स्वतः पोस्टरे लावीत फिरे आणि परत येताना पाहावे तो ती गायब झालेली असत. पॅरिसच्या स्पंजवाल्यांचे नातू म्हणा ना! पण ग्रॅहम धंदेवाईक होता. लोक पळवतात याचा अर्थ लोकांना हवे आहे, हे त्याने ओळखले. त्याने जलशाहून परतणाऱ्यांच्या हाती पोस्टरे द्यावयास आरंभ केला, मग विकावयासही. दोन्ही मंडळींनी आपापल्या पोस्टरांना अनुक्रमांक दिले होते : फिलमोरची मालिका १९७१ साली सभागृह बंद होईपर्यंत २८७ वर गेली, फॅमिली डॉगची दीडशेच्या आत थांबली. अनुक्रमांक ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. बारा, तेरा आणि पंधरा हाती असले की माणसाला चौदावा असल्याशिवाय झोप येत नाही. मागणी वाढली तशी गाजलेली पोस्टरे जलसा होऊन गेल्यावर पुन्हा छापली गेली, एकदा, दोनदा, तीनदाही. पैसा आला, आणि पैशाबरोबर भांडणही : चित्रकाराचा वाटा किती, यावरून १९६७ साली विल्सनने ग्रॅहमचे काम सोडले. जाताना त्याने शेवटच्या पोस्टरवर एक साप काढला, आणि त्याच्या दातांत डॉलरचे चिन्ह.

या पुनर्मुद्रणांमुळे नवशिक्या संग्राहकापुढचा पहिला प्रश्न निर्माण झाला, आणि तो आजही पहिलाच आहे : हा कागद जलशापूर्वी छापला की नंतर? दोन्ही कागदांवर चित्र तेच, तारीख तीच. पण पहिल्याने लोकांना बोलावले, दुसऱ्याने फक्त आठवण विकली. एरिक किंग नावाच्या अभ्यासकाने या दोन मालिकांतील प्रत्येक पोस्टरची मापे, कागदाचा पोत, तळाची बारीक अक्षरे यांत छपाईगणिक काय फरक पडला याचा मार्गदर्शक ग्रंथच रचला. पट्टी घेऊन पाव इंचाचा फरक मोजणारी ही माणसे बाहेरच्याला विक्षिप्त वाटतात. पण जुन्या पोथीचा पाठ ठरवणारे आपले पंडित तरी वेगळे काय करीत होते?

विसाव्या शतकाच्या अखेरीस तिसरे पर्व आले. जाहिरातीचे काम रेडिओ, वर्तमानपत्रे आणि पुढे संगणक करू लागले. पोस्टराची गरज उरली नाही. नेमक्या त्याच वेळी टेक्सासमधील ऑस्टिन शहरात फ्रँक कोझिकसारख्या चित्रकारांनी रेशमी जाळीच्या छपाईने, म्हणजे आपल्याकडे लग्नपत्रिका छापीत त्या स्क्रीन-प्रिंटिंगने, जलशांची मोठी रंगीत पोस्टरे काढावयास घेतली. चौकटीवर ताणलेली जाळी, प्रत्येक रंगाची वेगळी, आणि हाताने ओढलेली शाई. एकेक प्रत हातची, म्हणून प्रती थोड्या. थोड्या, म्हणून मोजलेल्या. खालच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने लिहितात ३७/२०० : दोनशेंपैकी सदतिसावी. सही शेजारी, तीही शिसपेन्सिलीची. कारण छापलेली पेन्सिल आणि ओढलेली पेन्सिल यांतला फरक भिंगाखाली लपत नाही. आज जलशाच्या दाराशी जे विकले जाते ते बहुधा हेच.

माझ्या विद्यार्थ्याला मी जे लिहिले त्याचा गोषवारा असा.

कोपऱ्यातला आकडा हा दुर्मिळतेचा पुरावा नव्हे. ते दुर्मिळतेचे वचन आहे, आणि वचन देणारा कोण हे पाहावे लागते. दोनशे प्रतींखेरीज चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती वेगळ्या असतात. तेच चित्र निराळ्या रंगांत वा वर्खाच्या कागदावर काढून त्याचे आकडे पुन्हा एकपासून मोजतात. तेव्हा ‘दोनशेच’ म्हणजे एकंदर किती, हे विचारण्यात संकोच नसावा. दुसरे, जुने म्हणून कोणी काही दाखवले तर भिंग घ्यावे. मुळात सलग रंग असेल तेथे बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छायाचित्रावरून केलेले पुनर्मुद्रण समजावे. फ्रेंच कागदावर मुद्रांक वा त्याची खूण असेल तर तो खरोखर भिंतीसाठी होता, असा अदमास बांधता येतो. तिसरे, नवशिक्याने मोठ्या नावामागे धावू नये. ‘ले मेत्र’ मालेतील एखादे लहान चित्र, एखादे हस्तपत्रक, फिलमोरची एखादी कमी गाजलेली तारीख, हे आजही सामान्य माणसाच्या आटोक्यात येते आणि हात व डोळा त्यावरच तयार होतो. चौथे, घेतलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकच्या पातळ थरात कायमचा बंद करू नये, उन्हासमोर टांगू नये. आम्लरहित पुठ्ठ्यात सपाट ठेवावा. आणि सुटीत कोकणात घरी आणलाच तर पावसाळ्याची ओल आणि कसर यांना तो इंग्रजी आहे की मराठी याच्याशी कर्तव्य नसते, हे ध्यानात असावे.

या बाजारात एक गोष्ट मला मात्र खटकते, ती मी त्याला लिहिलीच. टाचणीचे भोक पडलेला कागद कमी किमतीचा आणि नळीतून कधी बाहेर न निघालेला कागद अधिक किमतीचा. म्हणजे ज्याने आपले काम केले, जो खांबावर उभा राहून लोकांना हाका मारीत होता, तो डागी. आणि ज्याने आयुष्यात कोणाला बोलावले नाही तो निष्कलंक. बाजाराचा न्याय तो, मी बदलू शकत नाही. पण घ्यावयाचेच तर तू ज्या रात्री स्वतः ऐकावयास बसला होतास त्या रात्रीचे घे, मग त्याला भोक पडलेले असो. किंमत वाढेल म्हणून घेतलेला कागद किंमत पडली की रद्दी होतो. ऐकलेल्या रात्रीचा कागद रद्दी होऊ शकत नाही. आणि त्या शहरात एक चांगली चाल अजून टिकून आहे. फिलमोर सभागृह १९९४ साली पुन्हा उघडले. तेथे काही जलशांना तिकिटे सारी खपली की परतताना प्रत्येकाला पोस्टर फुकट देतात, आणि जिन्याशी सफरचंदांची टोपली ठेवलेली असते. जेथे फुकट मिळते तेथून आरंभ करण्यात लाज कसली?

आता ४,४७,००० डॉलरांच्या त्या कागदाकडे वळू. तो मिनेसोटा राज्यातल्या मूरहेड गावच्या, ३ फेब्रुवारी १९५९ च्या जलशाचा आहे. वर बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि ‘बिग बॉपर’ म्हणून ओळखला जाणारा जे. पी. रिचर्डसन यांची नावे. त्या दिवशी उत्तररात्री आयोवातल्या शेतात त्यांचे लहान विमान कोसळले आणि तिघेही गेले. मूरहेडला ते पोचलेच नाहीत. हँक विल्यम्स या दुसऱ्या लोकप्रिय गायकाचे असेच : १ जानेवारी १९५३ रोजी ओहायोतल्या कँटन गावी त्याचे गाणे व्हावयाचे होते, मोटारीतून जाताना वाटेतच, एकोणतिसाव्या वर्षी, त्याचा प्राण गेला. त्या दिवसाचे पोस्टर २०२१ साली १,५०,००० डॉलरांना विकले गेले. बाजार या कागदांना दुर्मिळ म्हणतो. मला ते न पाळलेल्या वचनासारखे दिसतात. बाकीच्या जाहिरातींनी आपले बोलावणे खरे केले आणि त्या निवांत मेल्या. या कागदांचे बोलावणे पुरे व्हावयाचे राहिले, म्हणून जणू ते अजून भिंतीवरच आहेत. जाहिरातीचे मोल चित्रात असते, कागदात असते, संख्येत असते. पण सर्वांत अधिक ते त्या तारखेत असते.

हे ध्यानी आले की आपल्या तारखा आठवू लागतात. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र येऊन ‘मानापमान’ केले. पुढच्या तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले आणि तो योग पुन्हा येणे नव्हते. त्या रात्रीचे हस्तपत्रक ज्याच्या आजोबांनी पाकिटात घडी घालून ठेवले असेल, त्याच्या घरी इतिहासाचा तुकडा आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरतो. त्याच्या कार्यक्रमपत्रिका किती घरांत आल्या आणि किती घरांतून रद्दीवाल्याच्या तराजूत गेल्या असतील! त्यांच्या कोपऱ्यांत कोणी आकडे घातले नव्हते, कोणी ‘एवढ्याच प्रती’ म्हटले नव्हते. प्रती कमी करण्याचे काम आपणच, दर दिवाळीला, माळा झाडताना केले.

यंदाची झाडलोट हा अंक हाती पडेपर्यंत आटोपली असेल. पण माळ्यावरून उतरवलेले गाठोडे अद्याप पडवीत असेल, तर ते देण्यापूर्वी एकदा सोडून पाहावे. गाण्याचे, नाटकाचे, कीर्तनाचे एखादे पत्रक निघाले तर त्याच्या पाठीवर, शाईने नव्हे, शिसपेन्सिलीने, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून इतकेच लिहावे : त्या रात्री घरातले कोण कोण गेले होते, आणि काय ऐकून आले.